बाटली चढवा ना, डॉक्टर! – मुलांची अर्धशिशी आणि सलाईन

(गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली, मोदक झाले, पंखे सुरू आहेत आणि आता डॉक्टरांचे भाषण. म्हणजे झोपेची सगळी तयारी मंडळाने केलेलीच आहे. पण ज्यांच्या घरात सहा ते सोळा वयाचे मूल किंवा नातवंड आहे, त्यांनी अर्धा तास कळ काढावी अशी विनंती.

आम्ही दोघे नवरा-बायको, दोघेही बालरोगतज्ज्ञ. इंदूरमध्ये पंचवीस वर्षे आमचा दवाखाना आहे. आमची भांडणे होतात तीही बहुधा औषधांवरूनच. आजच्या विषयावर मात्र आमचे एकमत आहे, म्हणून दोघांच्या वतीने हे एकच भाषण.

आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “डॉक्टरसाहेब, पोर गळून गेलंय हो, एक बाटली चढवा ना!” ताप असो, परीक्षेची दगदग असो, डोके दुखत असो, बाटली हवीच. बाटली लावली की आईला हायसे वाटते, बाबांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, आणि खरे सांगायचे तर डॉक्टरचेही काम सोपे होते. वीस मिनिटे समजावून सांगण्यापेक्षा पाच मिनिटांत सुई लावणे सोपे. आम्हीही लावल्या आहेत. तेव्हा आज दुसऱ्या कोणाला दोष द्यायला आम्ही उभे नाही.

सुरुवात घरापासून करतो. आमची मुलगी नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी शाळेतून आली ती दप्तर टाकून थेट पलंगावर. कपाळ दोन्ही बाजूंनी ठणकत होते. दिवा लावला की ओरडायची, कुकरची शिट्टी सहन होईना. दोन उलट्या झाल्या. घरात आजी, म्हणजे आमच्यातल्या एकाच्या सासूबाई. त्यांना स्वतःला जन्मभर अर्धशिशीचा त्रास. डोक्याला फडका घट्ट बांधून, कपाळावर सुंठेचा लेप लावून अंधाऱ्या खोलीत पडलेल्या आजी हे आमच्या घरातले नेहमीचे चित्र. नातीचे हाल त्यांना बघवेनात. रात्री दहाला म्हणाल्या, “घरात दोन-दोन डॉक्टर, आणि पोर अशी तळमळतीय. बाटली तरी लावा की!”

आणि आम्ही लावली. खाली दवाखान्यात नेले, पहिली शीर फुटली, दुसरीत सुई बसली. पोर रडून रडून दमली आणि झोपली. सकाळी उठली ती हसत, पोहे मागत. आजी म्हणाल्या, “बघा, बाटलीनं उतरलं.” आम्हीही मान डोलावली.

तिला बाटलीने उतरले की झोपेने? लहान मुलांच्या अर्धशिशीत एक लक्षण आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो: मूल गाढ झोपले की दुखणे बहुतेक वेळा ओसरते. त्या रात्री बाटली नसती तरी ती झोपलीच असती, आणि दोन सुया न टोचता.

पण खरा धडा पुढे मिळाला. तीन आठवड्यांनी पुन्हा डोके दुखू लागले, आणि या वेळी तिने ते आमच्यापासून लपवले. दुपारी शाळेत सुरू झालेले दुखणे रात्री उलटी झाल्यावर आम्हाला कळले. का नाही सांगितलेस, विचारले तर म्हणाली, “तुम्ही बाटली लावाल.” दोन डॉक्टरांच्या पोटच्या पोरीने सुईच्या भीतीने दुखणे दडवले. अर्धशिशीत उपचार जितका लवकर तितका चांगला. त्या एका बाटलीने आमचे पहिले चार तास हिरावून घेतले होते.

आता थोडे शास्त्र. अर्धशिशी मुलांना होते का, असे अजूनही विचारले जाते. स्वीडनमधल्या उप्साला गावी डॉ. बो बिले यांनी शाळेतल्या सुमारे नऊ हजार मुलांची पाहणी करून १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात ते पंधरा वयाच्या शंभरातल्या जवळजवळ चार मुलांना अर्धशिशी होती. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन. हा मोठ्यांचा आजार, मुले नाटक करतात, शाळा बुडवायला निमित्त शोधतात, ही समजूत तेव्हाच मोडायला हवी होती.

नाव अर्धशिशी असले तरी मुलांमध्ये ती अर्ध्या डोक्यात असेलच असे नाही. बहुतेकदा कपाळभर किंवा दोन्ही कानशिलांत दुखते. मोठ्यांमध्ये झटका निदान चार तासांचा असतो, मुलांमध्ये दोन तासांतही आटोपतो. मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज नकोसा होणे, खेळता खेळता येऊन गुपचूप पडून राहणे, ही ओळख. काही मुलांचे डोके दुखतच नाही, पोटच दुखते. पुढे त्यांतल्या अनेकांना डोकेदुखी सुरू होते. आणि घरात आई, आजी, मामा कोणी तरी फडका बांधणारे असतेच.

हे मेंदूतल्या संवेदनशील यंत्रणेचे दुखणे आहे. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना वाहणारी नस जागी होते, तिच्यातून काही रसायने सुटतात आणि साधी नाडीची ठोकसुद्धा घणासारखी लागते. त्याच वेळी जठराचे काम मंदावते, म्हणून मळमळ, आणि म्हणूनच उशिरा दिलेली गोळी पोटातच पडून राहते.

आता बाटलीकडे येऊ. तिच्यात असते काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चमचाभराहून थोडे कमी. बाकी पाणी. ज्याला लोक ताकदीची बाटली म्हणतात, त्या पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. त्यातून मिळणारी शक्ती साधारण एका पोळीइतकी. पोळी खाऊ शकणाऱ्या पोराला सुई टोचून पोळी कशाला भरवायची?

पण शरीरातले पाणी कमी झाले की डोके दुखते, हे तर खरे ना? खरे आहे. ऊन, उपास, दिवसभर न प्यायलेले पाणी यांनी अर्धशिशीला निमित्त मिळते. मग पाणी भरले की ती थांबायला नको का? इथेच गल्लत होते. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस मंद ठेवतात. पण एकदा दूध उतू गेले की गॅस मंद करून ओटा स्वच्छ होत नाही, फडके घ्यावेच लागते. पाणी हे झटका येऊ नये म्हणून आहे. आलेला झटका नुसत्या पाण्याने पुसला जात नाही.

हे आमचे मत नाही, तपासून पाहिलेले आहे. कॅनडातल्या डॉक्टरांनी २०१४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्धशिशीच्या झटक्यात इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आलेल्या पाच ते सतरा वर्षांच्या ४५ मुलांना वजनाच्या दर किलोला दहा मिलिलिटर या हिशोबाने सलाईन दिले आणि अर्ध्या तासाने वेदना मोजली. लक्षात येण्याजोगा आराम पाचांतल्या एकालाही पुरता मिळाला नाही. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर सगळी इमारत उभी करू नये. पण नुसते सलाईन हा अर्धशिशीचा उपचार आहे असे म्हणायला आधार मिळत नाही, एवढे नक्की. आणि हिशोब बघा: पंचवीस किलोच्या मुलाला दहा मिलिलिटरप्रमाणे अडीचशे मिलिलिटर होतात. एक मोठा पेला! त्याच मुलाची दिवसाची गरज सोळाशे मिलिलिटरच्या आसपास असते.

तोंडाने दिलेल्या पाण्याची ताकद आपल्याच देशात सिद्ध झालेली आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा मिसळलेले पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. कॉलऱ्यात जे पेल्याने साधले, ते दोन उलट्या झालेल्या पोराला का साधणार नाही? दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, एवढाच धीर हवा. जीवनरक्षक घोळाची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवा, आणि दुकानातला प्रत्येक फळांच्या चवीचा डबा हा तो घोळ नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

मग बाटली कधीच नको का? तसे नाही. चमचाचमचा दिलेलेही पोटात ठरत नाही, जीभ कोरडी पडली आहे, सहा-आठ तासांत लघवी नाही, मूल मलूल झाले आहे, तर बाटली लागते आणि ती लावलीच पाहिजे. दुसरे, तोंडावाटे औषध लागू पडले नाही तर शिरेतून द्यायची औषधे आहेत. २००४ साली अमेरिकेत ६२ मुलांवर झालेल्या तुलनेत त्यांतल्या प्रोक्लोरपेराझिन या औषधाने तासाभरात शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांना आराम पडला होता. हे औषध इस्पितळात, देखरेखीखाली द्यायचे. तिथे सलाईन ही गाडी आहे, आत बसलेले औषध हा डॉक्टर. आपण रिकाम्या गाडीला नमस्कार करतो.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगणे आम्हाला सोपे नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. डोके दुखते, उलट्या होतात. आईलाही अर्धशिशी. आम्ही अर्धशिशीच धरून चाललो आणि गळून गेला होता म्हणून बाटली लावली. संध्याकाळपर्यंत बरा. दहा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा बाटली, पुन्हा बरा. तिसऱ्या वेळी तो दारातून आत येताना आमच्यातल्या एकाचे लक्ष त्याच्या चालण्याकडे गेले. पाय फाकवून, भिंतीचा आधार घेत येत होता. तेव्हा आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला: उलटी कधी होते? आई म्हणाली, रोज सकाळी उठल्या उठल्या. डोळ्यांचा पडदा तपासला, एमआरआय केला. लहान मेंदूत गाठ होती.

शस्त्रक्रिया झाली, मुलगा वाचला, आज तो कॉलेजात आहे. पण तीन आठवडे गेले ते आमच्या हातून. त्या बाटल्यांनी त्याला बरे वाटले म्हणून आम्हालाही बरे वाटले, आणि आम्ही प्रश्न विचारायचे थांबलो. बाटलीचा सगळ्यात मोठा धोका शीर सुजण्याचा नाही. काही तरी केले, या समाधानात निदान राहून जाते, हा आहे. शिवाय मेंदूला सूज असताना ती ग्लुकोजची ताकदीची बाटली सूज वाढवूही शकते. त्या दिवशी आम्ही कोणती बाटली उचलली होती, हे आम्ही नंतर कागद काढून पाहिले. साधे सलाईन होते. पण उचलताना तो विचार आम्ही केलेला नव्हता.

म्हणून ही यादी, लिहून घ्या. पहाटे झोपेतून उठवणारी डोकेदुखी किंवा रोज सकाळची उलटी, खोकल्याने, वाकल्याने, आडवे झाल्याने वाढणारे दुखणे, तोल जाणे, तिरळेपणा, एकाचे दोन दिसणे, हातापायात कमजोरी, झटके, वागण्यात बदल, तापाबरोबर मान ताठ, डोक्याला मार, आठवड्यागणिक वाढत जाणारे दुखणे, आणि पाच वर्षांखालच्या मुलाची डोकेदुखी. यांतले काहीही असेल तर बाटली मागू नका, तपासणी मागा.

ही लक्षणे नसतील आणि डॉक्टरांनी अर्धशिशीचे निदान केले असेल, तर घरी काय करायचे? पहिले, लवकर. दुखू लागल्यावर बघू, वाट पाहू, हे नको. फिनलंडमध्ये १९९७ साली झालेल्या अभ्यासात पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही मुलांच्या अर्धशिशीत उपयोगी ठरली, आयबुप्रोफेन अधिक. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते, म्हणून ती आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि पुरती द्या. घाबरून अर्धी गोळी दिली की दुखणेही जात नाही आणि औषधावरचा विश्वास मात्र जातो. उलटीचे औषध लागत असेल तर तेही त्याच कागदावर लिहून घ्या. ताप असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय देऊ नका. हे डेंग्यूचे दिवस आहेत. ॲस्पिरिन मुलांना नको, त्याने यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होऊ शकतो. आणि आठवड्यातून दोन-तीन दिवसांहून जास्त वेळा गोळी लागू लागली तर पुन्हा भेटा, कारण अति गोळ्यांनीही डोकेदुखी जडते.

दुसरे, अंधार, शांतता आणि झोप. इथे आजी बरोबर होत्या. कपाळावर गार ओली घडी, पडदे ओढलेले, टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तिसरे, घोट घोट पाणी.

झटके वारंवार येत असतील तर? अमेरिकेत आठ ते सतरा वर्षांच्या मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. दोन नावाजलेली प्रतिबंधक औषधे आणि एक साखरेची गोळी, यांची तुलना. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने कमी झाले ते औषधांनी ५२ आणि ५५ टक्के मुलांचे, साखरेच्या गोळीने ६१ टक्के मुलांचे! याचा अर्थ मुले खोटे बोलत होती असा नाही. नियमित भेटी, कोणी तरी लक्ष देणे, डोकेदुखीची वही ठेवणे, बरे होईल हा भरवसा, यांना मुलांचा मेंदू छान साथ देतो. काही मुलांना औषध लागतेच. पण वही आणि वेळापत्रक सगळ्यांनाच लागते.

वेळापत्रक म्हणजे काय? शाळेत जाणाऱ्या मुलाला नऊ ते बारा तास झोप. सकाळी काही तरी खाऊन घराबाहेर. आणि पाणी. इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलू. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली भरलेली बाटली भरलेलीच घरी आणतात. विचारले तर खाली मान घालतात. शाळेतले स्वच्छतागृह घाणेरडे, दाराला कडी नाही, म्हणून त्या सकाळी सातपासून दोनपर्यंत पाणीच पीत नाहीत. आमची मुलगीही तेच करत होती, हे आम्हाला वहीवरून कळले. सगळे झटके शाळेच्या दिवशी, दुपारी. तेव्हा औषधाची चिठ्ठी लिहायच्या आधी आम्ही शाळेला चिठ्ठी लिहिली. आपल्या मंडळात शिक्षक आहेत, शाळांच्या समित्यांवर बसणारी मंडळी आहेत. एक कडी आणि एक नळ दुरुस्त केलात तर आमच्या दवाखान्यातली गर्दी कमी होईल. आम्हाला चालेल.

आणि आता समोर आहे अनंत चतुर्दशी. गिरण्या बंद पडल्या तरी इंदूरच्या झांक्या थांबल्या नाहीत, आणि त्या रात्रभर पाहिल्याशिवाय आपला गणपती जात नाही. पण विचार करा: जागरण, झगमगणारे दिवे, ढोल, रात्री बाराला कचोरी, पाण्याची आठवण कोणाला नाही. अर्धशिशीच्या मुलासाठी सगळी निमित्ते एकाच रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी रांग असते. मुलांना झांकी दाखवू नका, असे आम्ही म्हणणार नाही. आमची मुलगीही जाते. दुपारी झोपवा, घरून जेवून निघा, पाण्याची बाटली खांद्याला लावा, ढोलांपासून जरा लांब उभे राहा आणि दोन-चार झांक्या पाहून वेळेत परत या.

आमच्या मुलीचे आता वर्षाला तीन-चार झटके येतात. दप्तराच्या कप्प्यात तिची गोळी आणि वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेला कागद असतो, बाईंना ठाऊक असते. डोके दुखू लागले की ती स्वतः येऊन सांगते, हे आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटते. गेल्या वेळी दुखले तेव्हा आजींनी स्वतः उठून पडदे ओढले. जाताना आम्हाला म्हणाल्या, “सुई नको हं आता, झोपू द्या तिला.” सुंठेचा लेप त्यांनी लावलाच. आम्ही काही बोललो नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की “बाटली चढवा” याच्याऐवजी “हे नक्की काय आहे?” असे विचारा. डॉक्टर गडबडीत असतील, थोडे वैतागतीलही. तरी विचारा. त्या सात वर्षांच्या मुलाच्या आईने आम्हाला तसे विचारले असते तर ते तीन आठवडे वाया गेले नसते.

 प्रश्न असतील तर विचारा, आम्ही दोघेही इथेच आहोत.

गणपती बाप्पा मोरया!